उच्चैःश्रव्याचे शेपूट

परवा नातवाने मला पेचात टाकले. हॅरी पॉटरच्या पुस्तकातून मान वर काढून तो म्हणाला, "आजोबा, पुढून गरुड आणि मागून घोडा असा हिप्पोग्रिफ आपल्याकडे का नाही हो?"

"आपल्याकडे शरभ आहे," मी ऐटीत सांगितले. "रायगडाच्या नगारखान्यावर जाऊन बघ."

"तो तर सिंहासारखा दिसतो!"

हल्लीची मुले शरभावर भागवून घेत नाहीत. निमूटपणे कपाटातली पुस्तके खाली काढली. युरोपातही हा प्राणी थट्टेतूनच जन्मला म्हणायचा. ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचा पंखवाला सिंह, हा घोड्यांचा हाडवैरी. त्याची घोडीशी सोयरीक जुळली की मग जगात काहीही घडेल, अशा अर्थाचे व्हर्जिल हा रोमन कवी लिहून गेला. पुढे १५१६ साली आरिओस्तो या इटालियन कवीने ती सोयरीक खरोखरच लावली आणि तिच्या लेकरावर आपले नायक बसवून आकाशात उडवले.

आपल्याकडे ही सोयरीक जुळणे कठीण. घोड्यापायीच तर गरुडाची आई दासी झाली!

ही कथा मला लोहाऱ्याच्या वाड्यात आत्याने सांगितली. समुद्रमंथनातून निघालेला उच्चैःश्रवा. विनता म्हणाली, घोडा सगळा पांढरा. कद्रू म्हणाली, शेपूट काळे. हरेल तिने दुसरीची दासी व्हायचे. कद्रूने आपली सर्पपोरे शेपटाला चिकटवली आणि पैज जिंकली. शेवटी गरुडाने स्वर्गातून अमृत आणून आईला सोडवले.

आत्या इथे थांबे. "गरुडासारखा लेक होता म्हणून सुटली बाई," एवढे म्हणून चुलीकडे वळे. ती अल्पवयात विधवा होऊन भावाकडे आली होती. मूलबाळ नव्हते. घरातले काम तिच्याशिवाय हलत नसे आणि घराबाहेर तिला कुणी नेत नसे.

त्या दिवाळीत किल्ल्यासाठी मी काळ्या मातीचा घोडा केला, त्याला घारीची पिसे खोचली आणि आत्याला विचारले, "कुठं जायचं बोल!"

"नळदुर्गाला. नर-मादी धबधबा बघायचाय."

नळदुर्ग लोहाऱ्याहून काही फार लांब नाही. पण दर पावसाळ्यात 'पुढच्या वर्षी' ठरे. अखेर नोकरी लागल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मीच तिला एस.टी.ने घेऊन गेलो. मुंबईहून कोरड्या धबधब्याचा विचार सुचला नाही. साल १९७२, दुष्काळाचे! बोरी नदी आटलेली. आदिलशाहीतल्या त्या बंधाऱ्यावर आम्ही दोघे उभे, आणि जिथून दोन धारा कोसळायच्या तिथे नुसता तापलेला दगड. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आत्याने मात्र पदर डोक्यावर सारखा केला, पाणीमहालाच्या पायऱ्या उतरली, खिडकीतून बराच वेळ खाली बघत राहिली.

परतताना एस.टी.त तिने विचारले, "त्या तुझ्या घोड्याला पिसं कुणाची लावली होतीस रे?"

"घारीची."

"तरीच. गरुडाची असती तर पावसात आलो असतो."