नावाड्याचं नाव काय?

एक शनिवार सोडून एक, चारच्या सुमाराला आमच्या जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी ओट्यावर जाते आणि तिथं पुठ्ठ्याचा घडीचा पडदा उभा राहतो. पडद्याआड मी, म्हणजे संचालक, समोर चार-पाच जण. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स': मी प्रसंग सांगतो, समोरचे आपापल्या पात्रानं काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की नाही ते फासे सांगतात. आईनं पहिल्यांदा विचारलं होतं, "यात जिंकतं कोण?" कोणीच नाही, म्हटलं. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि विषय संपवला.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली छापला गेला. पण मला त्याआधीची एक फजिती जास्त आवडते. १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेसलीनं 'ब्राउनस्टाईन' या काल्पनिक गावाचा युद्धखेळ मांडला आणि काही खेळाडूंना पलटणींऐवजी एकेक माणूस दिला: महापौर, सावकार, विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई राहिली बाजूला, मंडळी कोपऱ्यात जाऊन आपसांत खलबतं करू लागली. वेसलीला वाटलं, डाव फसला. खेळणाऱ्यांना मात्र तो पुन्हा हवा होता. त्यांच्यात आर्नसन होता.

माझा पहिला डाव असाच 'फसला'. बारा पानं लिहिली होती. नदीपलीकडची गढी, तिथला कट, तळघरातली लढाई. नदी ओलांडायला पाच मिनिटं धरलेली. काठावर एकीनं विचारलं, "नावाड्याचं नाव काय?" मी कागद चाळले आणि घाईघाईत म्हणालो, "धोंडू." झालं! नाव आहे म्हणजे याच्यापाशी काहीतरी असणार. पुढचे तीन तास भाड्याची घासाघीस आणि धोंडूच्या रुसलेल्या मेव्हण्याची समजूत. गढी कुणी पाहिलीच नाही.

आता मी एकच पान लिहितो. कोणाला काय हवंय, आणि खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय घडेल. कटाचा सुगावा तीन ठिकाणी ठेवतो, दोन हमखास हुकतात. आणि समासात दहा नावं.

गोष्ट खेळाडूंवर सोडता येते, गणित सोडता येत नाही. समजा, पहारेकऱ्याला चुकवून जायला पंधरा हवेत आणि प्रत्येकाच्या फाशात तीन मिळवायचे आहेत. वीस बाजूंच्या फाशावर बारा किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ४५ टक्के संधी. ठीक वाटतं. पण चौघांनाही जमलंच पाहिजे म्हटलं, तर ती ४ टक्क्यांवर येते. उलट चौघांनी खोली शोधली आणि एकालाही सापडलं तरी चालत असेल, तर ९१ टक्के. नवखा संचालक दोन्हीकडे सगळ्यांना फासे टाकायला लावतो: चोरपावलं कधी जमत नाहीत, चोरकप्पा कधी चुकत नाही. म्हणून लपतछपत जाताना निम्म्यांना जमलं तर सगळ्यांना जमलं, हा नियमपुस्तकातलाच तोडगा मी वापरतो.

पहिल्या डावाआधी एक बैठक फाशांविना घेतो. कोणाला काय नको, ते तेव्हाच विचारायचं. एकाला कोळी नको होते, खेळातलेसुद्धा. माझ्या तळघरातून कोळी गेले, विंचू आले.

राक्षसांपेक्षा चिवट शत्रू म्हणजे तारीख. कोणाची शिफ्ट, कोणाच्या चुलतभावाचा साखरपुडा. पाचांतले तीन आले की डाव होतो. न आलेल्यांची पात्रं तापानं आजारी पडून धोंडूच्या घरी राहतात. त्याच्या बायकोनं आता या मुक्कामाचे पैसे घ्यायला सुरुवात केली आहे.