आईच्या घरचा फोन बंद केला, त्याची गोष्ट

गेल्या आठवड्यात आईच्या घरचा लँडलाइन बंद करायचा अर्ज दिला. ३१ वर्षं चाललेला नंबर. काउंटरवरच्या माणसाने कारण विचारलं नाही. शिक्का मारला, पोच दिली, दोन मिनिटांत काम झालं. हाच फोन मिळायला बाबांना चार वर्षं लागली होती.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. आठवणी येतील थोड्या, पण त्यासाठी लिहीत नाहीये. ज्यांचे आईवडील गावच्या घरात एकटे राहतात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमचं मूळ घर तालुक्यापासून बारा किलोमीटरवर. बाबा प्राथमिक शिक्षक. १९९० साली अर्ज केला, १९९४ ला फोन आला. वाडीतला दुसरा फोन. अर्ध्या वाडीच्या मुंबईतल्या नातेवाईकांकडे आमचा नंबर 'पीपी' म्हणून लिहिलेला असायचा. रात्री नऊनंतर घंटा वाजली की समोरून आवाज यायचा, "जरा वरच्या घरातल्या काकीला बोलवता का, दहा मिनिटांनी परत लावतो." मग बॅटरी घेऊन मी पळायचो. जन्म, मरण, परीक्षेचे निकाल, गणपतीला येणार की नाही, सगळं त्या एका काळ्या डब्यातून यायचं. पुढे पत्रकारितेचा डिप्लोमा करून परत आलो तेव्हा रत्नागिरीच्या ऑफिसला बातम्या याच फोनवरून सांगायचो. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, हळू बोल, मेलेल्या माणसाचं नाव सगळ्या वाडीला कळेल!"

बाबा २०२२ मध्ये गेले. आईने तालुक्याला फ्लॅटवर यायला साफ नकार दिला. मग मी घरात अलार्म बसवून घेतला. दाराला सेन्सर, आणि आईच्या गळ्यात माळेसारखं अडकवायचं एक बटण. बटण दाबलं की भिंतीवरचा डबा लँडलाइनवरून आपोआप तीन नंबर लावणार: मी, बायको आणि शेजारचा भाऊ. लोकांना मी कौतुकाने सांगायचो, आईची काळजी मिटली म्हणून.

गेल्या जुलैत गावचा रस्ता रुंद करायला जेसीबी आला आणि केबल तुटली. आईने तिच्या साध्या मोबाइलवरून सांगितलं, "फोनात टोन नाही रे." मी तक्रार नोंदवली. शिवाय बातमीही दिली, 'दूरध्वनी सेवा विस्कळीत, ग्राहक त्रस्त', तीन परिच्छेद, आतल्या पानावर. माझं काम झालं असं मला वाटलं. अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की गळ्यातलं बटणही त्याच तारेवर आहे.

बाराव्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास आई न्हाणीघरात घसरली. बटण दाबलं. डब्याने मेलेल्या लाइनवर तीन नंबर फिरवले, परत फिरवले, थांबला. मोबाइल माजघरात चार्जिंगला होता. साडेसहाला दूधवाला आला, हाक मारूनही दार उघडेना म्हणून शेजारच्या भावाला उठवलं. मनगट मोडलं होतं आणि दीड तास ओल्या फरशीवर पडून अंग गार पडलं होतं. हॉस्पिटलात मला बघितल्यावर आई म्हणाली, "मी दाबलं हो बटण. नीट दाबलं." जणू चूक तिचीच झाली असावी.

आता मुद्द्यावर येतो.

जुन्या लँडलाइनची एक गोष्ट आपण कधी लक्षातच घेतली नाही. त्या तांब्याच्या तारेतून नुसता आवाज येत नव्हता, वीजही येत होती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून साधारण ४८ व्होल्ट. म्हणून गावात दोन दिवस लाइट नसली तरी साधा फोन चालायचा. ती बॅटरी सांभाळायला, जनरेटरात डिझेल घालायला, खांबावर चढायला पगारी माणसं होती. आमचे लाइनमन काका पावसात सायकलवर यायचे, चहा घ्यायचे, जॉइंट करून जायचे. ते स्वेच्छानिवृत्तीत गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

लँडलाइनचे गोडवे गातोय असं समजू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, मंडणगड-दापोलीकडे खांबच आडवे झाले, तेव्हा तारही गेली आणि टॉवरही गेले. आणि तक्रार करून महिनाभर वाट बघणं काय असतं हे मला कोणी शिकवू नये. पण ती तार सांभाळायची जबाबदारी कोणाची तरी होती. मोबाइलवर गेलं की त्यातली बरीचशी आपल्यावर येते, आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही. माझ्या चुकांतून मला काय कळलं ते सांगतो.

आईसाठी आता सिमकार्डवर चालणारा टेबलफोन घेतला. दिसायला जुन्यासारखाच, रिसीव्हर, मोठी बटणं, मोठी घंटा. टच मोबाइल तिला जमत नाही आणि जमवायचाही नाही. अलार्मचा डबाही सिमवाला घेतला. दुकानदाराने आधी स्वस्तातला दाखवला. तो फक्त टूजीवर चालणारा. फक्त फोरजी-फाईव्हजी चालवणाऱ्या कंपनीचं सिम त्यात घातलं तर डब्याला रेंजच मिळत नाही. आणि टूजी कधी ना कधी आवरतं घेतलं जाणार, जगभर तेच चाललंय. हजार-दीड हजार वाचवायला जाऊ नका, फोरजीवर कॉल करणारा डबा मागा आणि दुकानातच लावून दाखवायला सांगा.

दुसरं, रिचार्ज. लँडलाइनचं बिल थकलं तर बिल घरी यायचं, आई ओरडायची. भिंतीवरच्या डब्यातल्या सिमची मुदत संपल्याचा मेसेज डब्यालाच जातो, तो वाचणार कोण? त्यावर एक सोय झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅकही ठेवायला सांगितले, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. अलार्मला डेटा लागत नसेल तर हाच लांब मुदतीचा पॅक घ्या आणि तारीख घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. मी लिहिली आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी.

तिसरं, रेंज. आमचं घर जांभ्या दगडाचं, भिंती दीड हात जाड. पहिल्यांदा डबा जुन्याच जागी बसवला तर कॉल अर्ध्यात तुटायचा. शेवटी माजघराच्या खिडकीशी आणला. घरात फिरून रेंज बघा, मगच भिंतीला भोक पाडा.

चौथी गोष्ट मजेची वाटेल. चाचणी म्हणून बटण दाबलं तर बायकोने फोन कट केला. म्हणाली, "कर्जवाल्यांचा वाटला." अनोळखी नंबर आजकाल कोण उचलतं? अलार्मचा नंबर तिघांच्याही मोबाइलमध्ये 'आई अलार्म' म्हणून सेव्ह केला आणि फोन सायलेंट असला तरी वाजेल अशी सेटिंग केली. डब्यात बोललेला निरोप भरता येतो. त्यात घराचा पूर्ण पत्ता आणि खूण सांगा, कारण उद्या शेजाऱ्याला ११२ किंवा १०८ ला तोच पत्ता सांगावा लागेल. मी माझ्या आवाजात भरला. आईने ऐकला आणि म्हणाली, "बातम्या दिल्यासारखं काय बोलतोस? नीट सांग, आई पडली आहे, लवकर या." पुन्हा भरला.

पाचवी गोष्ट मात्र माझ्या हातात नाही. परवा रात्री लाइट गेली. डब्याला बॅटरी आहे, फोनलाही आहे. चार तासांनी मोबाइलवरची रेंजच गेली, कारण टॉवरचीही बॅटरी संपली. म्हणजे लाइट जाऊन चार तास झाले की आई पुन्हा जुलैच्या त्या पहाटेइतकीच एकटी. त्यावर आम्ही शोधलेला उपाय आजीच्या काळातला आहे. न्हाणीघराच्या कडीला एक पितळी घंटा बांधली, दोरी जमिनीपर्यंत. शेजारच्या भावाला सांगून ठेवलंय.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात हे आपण पाहिलंय. वीज गेली, पाठोपाठ नेटवर्क गेलं. मुंबई-पुण्यातली मुलं आम्हा पत्रकारांना फोन करून विचारत होती, आमचे आईबाबा माळ्यावर आहेत की नाही. आम्हालाही तिथे फोन लागत नव्हता.

आता गावापुरतं काय करता येईल?

रस्ता खोदण्याआधी कळवण्यासाठी केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप मार्च २०२३ पासून आहे. खोदणाऱ्याने त्यात नोंद करायची, म्हणजे ज्यांच्या तारा, पाइप जमिनीखाली आहेत त्यांना कळतं. आमच्या रस्त्याच्या ठेकेदाराच्या माणसाला मी याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "कसलं ॲप, साहेब?" तुमच्या गावात काम सुरू झालं की ग्रामपंचायतीत हा प्रश्न लेखी विचारा.

दुसरं, दरवर्षी तहसीलला मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. होड्या किती, जेसीबी किती, धोकादायक झाडं किती, सगळं वाचलं जातं. कोणत्या टॉवरला किती तासांची बॅटरी, जनरेटर आहे का, डिझेल कोण भरणार, हे मी तिथे वर्षानुवर्षं बसूनही कधी ऐकलं नाही. मीही कधी विचारलं नाही. येत्या बैठकीत विचारणार आहे, उत्तर इथेच टाकीन.

तिसरं, पतसंस्था, सोनार, दुकानं. एका पतसंस्थेच्या मॅनेजरना सहज विचारलं, तुमचा अलार्म कोणत्या लाइनवर? म्हणाले, "बसवणाऱ्याला माहीत." आम्ही दोघांनी जाऊन फोन उचलला. टोन नव्हता. कधीपासून नव्हता, कोणालाच सांगता आलं नाही.

शेवटचं. लँडलाइनचा नंबर मोबाइलवर नेता येत नाही, आपल्याकडे ती सोय नाही. त्यामुळे नंबर गेलाच. आईने डायरी काढून सगळ्यांना नवा नंबर कळवला, दोन दिवस लागले. काही नंबरांवर माणसंच उरली नव्हती, तिथे तिने पेन्सिलने रेघ मारली. मग विचारलं, "आणि ज्याच्याकडे जुनाच नंबर आहे, त्याने लावला तर?" मला उत्तर देता आलं नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहाला आई बटण दाबते. तिघांचेही फोन वाजतात. आम्ही उचलतो, ती "चालू आहे" म्हणते आणि ठेवते.

आज घरी फोन करा. तो लागला म्हणून खूश होऊ नका. अलार्म कोणत्या लाइनवर आहे, सिमची मुदत कधी संपते, लाइट गेल्यावर किती वेळ रेंज राहते, एवढं विचारा. आणि तुमच्या गावाचं नाव आणि रेंज किती तासांनी जाते ते खाली लिहा. यादी करून बैठकीला घेऊन जातो.