पाटीवरचे नाव

मराठी भाषा मोठी मिस्किल आहे. ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत तिने अवघ्या एका मात्रेचे अंतर राखले आहे. पहिले काम बारशाच्या दिवशी आत्या करते. दुसरे काम जग जन्मभर करीत राहते. बारसे मुलाचे असो वा दुकानाचे, हा नियम चुकत नाही.

गेल्या वर्षी असे एक बारसे माझ्या वाट्याला आले. इंदूरला माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्याने पचमढीला उपाहारगृह काढावयाचे ठरविले. वडिलांच्या निवृत्तीची बहुतेक पुंजी त्यात गुंतलेली. एका सल्लागाराने त्याला ‘ब्रँड आयडेंटिटी’ तयार करून दिली होती : एक इंग्रजी नाव आणि त्यावर हिमाच्छादित शिखरांचे बोधचिन्ह. तो कागद माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, ‘‘सर, तुम्ही भाषेचे. एकदा नजर घाला.’’

मी नजर घातली आणि विचारले, ‘‘बाळ, सातपुड्यावर हिमशिखरे कधी उगवली?’’ धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर. परंतु त्याची उंची साडेतेराशे मीटरांच्या आसपास. तेथे लोक सूर्यास्त पाहावयास जातात, बर्फ पाहावयास नव्हे. हे चित्र पाटीवर झळकले असते, तर गिऱ्हाइकाने पहिला घास घेण्यापूर्वीच पहिले असत्य गिळले असते.

गावाची ओळख बाहेरून आणावी लागत नाही. पचमढीजवळ वालुकाश्माचे तांबूस कडे आहेत, शैलाश्रयांतली प्राचीन चित्रे आहेत, सालवृक्षांची बने आहेत, गोंड आणि कोरकू शेतकऱ्यांची कोदो-कुटकी आहे. गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच. त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या तीन-साडेतीन अंश आधीच उकळते आणि उघड्या पातेल्यातली डाळ सावकाश शिजते. ‘‘घाईच्या माणसाला हे आधीच सांगून टाक,’’ मी म्हटले, ‘‘म्हणजे उशीर हा दोष न ठरता तुझी रीत ठरेल.’’ भिंतींवर आदिवासी चित्रे काढवून घेण्याचाही त्याचा मानस होता. त्यावर माझे म्हणणे एवढेच होते, की चित्रे त्यांची घेतोस तर धान्यही त्यांच्याकडूनच घे, आणि दोहोंचाही रास्त भाव दे. नाहीतर ती शोभा उसनी.

राहिले नाव. जेवावयास कोण येणार, हे मी विचारले. पर्यटक तर येतातच. पण महाशिवरात्रीला चौरागडावर महादेवाला त्रिशूळ वाहावयास आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेस विदर्भातून माणसांची रीघ लागते. डोंगर चढणाऱ्या या माणसांना काय हवे असते? मी सुचविले : ‘शिदोरी’.

तो घुटमळला. वडिलांनाही धास्ती वाटत होती, की मराठी नावाने हिंदी गिऱ्हाईक बिचकेल. ही धास्ती आपल्या घरोघरी आहे. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपण माणसे भाषा देवघरात जपतो. दारावर लावावयास कचरतो. मी म्हणालो, ‘‘लिपी दोन्ही भाषांची एकच आहे, तेव्हा वाचता तर येईल. अर्थ कळला नाही, तर माणूस विचारील. विचारले की तू सांगशील. गिऱ्हाइकाशी बोलणे सुरू करावयास याहून सोपी युक्ती कोणती?’’

मात्र नाव हे वचनही असते. शिदोरी म्हणावे आणि बांधून देण्यासारखे काही नसावे, म्हणजे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’. म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा पानात बांधून देण्याचे ठरले. हिमशिखरे जाऊन गाठ मारलेल्या शिदोरीचे साधे चित्र आले. रंग त्या कड्यांचा तांबूस. पाटी, भोजनपत्रिका, बिल, पिशवी, सर्वत्र एकच अक्षर, एकच रंग; आणि रोज एकाच चवीची डाळ. यातले शेवटचे सर्वांत कठीण, कारण ते रंगाऱ्याकडून करवून घेता येत नाही.

गुंतलेली पुंजी सुटावयास अजून दोन-तीन हंगाम तरी लागतील. व्यवसाय तरेल की नाही, हे मी कसे सांगावे? पण नागद्वारीच्या दिवसांत त्याचा दूरध्वनी आला. अमरावतीकडच्या एक आजीबाई पाटी वाचून थबकल्या होत्या आणि गल्ल्यापाशी बसलेल्या त्याच्या आठ वर्षांच्या मुलीला त्यांनी विचारले होते, ‘‘कोन्या गावची वं माय तू?’’ एरवी बाहेर पाऊल टाकताच हिंदीत शिरणारी ती मुलगी क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, ‘‘आम्ही इंदूरचे. आजी, आत या ना, पाऊस आहे.’’

‘‘सर, घराबाहेर ती प्रथमच मराठी बोलली,’’ तो सांगत होता. धंदा कसा चालला आहे, हे विचारावयाचे मला त्या दिवशी सुचले नाही.