उघाडीपलीकडचा चिखल

१६ डिसेंबर २०२४, सोमवार

काल पौर्णिमा झाली. उधाणाची ओहोटी मोठी, म्हणून उजाडतानाच होडी सोडली. कालावलच्या खाडीत तिवरांच्या रांगेपर्यंत होडी जाते, पुढे पायीच. पाचव्या पावलाला मांडीपर्यंत रुतले. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली. ती मोडू नयेत म्हणून पाय कुठे टाकायचा ते आधी बघावं लागतं, आणि बघत उभं राहिलं की आणखी रुततो.

चिखलाचा नमुना काढायचं आमचं हत्यार म्हणजे उभी चिरलेली लांब नळी. खाली दाबायची, फिरवायची, वर ओढायची. वरचा बोटभर थर तपकिरी, त्याखाली राखाडी, मग काळा. आणि तो सडक्या अंड्यांचा वास. पहिल्या वर्षी मी नाक दाबायचे. आता तो आला की जिवाला बरं वाटतं. जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू ह्या वासाचा वायू सोडतात. प्राणवायू नाही म्हणून गळलेलं पान, मेलेलं मूळ पुरतं कुजत नाही, आणि झाडाने हवेतून घेतलेला कार्बन चिखलातच राहतो. गोड्या पाण्याच्या दलदलीत अशा जागी मिथेन भरपूर सुटतो. इथे खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे तो बराचसा दबतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

दुसरा नमुना होडीत चढवताना हातातून निसटला. मीटरभर चिखल परत खाडीत. वर्षाला काही मिलिमीटर थर चढतो, म्हणजे तेवढा साचायला दोन-तीनशे वर्षं सहज. संध्याकाळपर्यंत रुखरुख लागून राहिली.

१८ डिसेंबर, बुधवार

आज जुन्या खारजमिनीत काम. बांधाला खांड पडून बरीच वर्षं झाली. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, दगडी भिंती तेवढ्या उभ्या आहेत, लाकडी दार कधीच गेलं. आत भरतीचं पाणी खेळतं आणि तिवराची रोपं छातीइतकी वाढलीत. कुणी लावलेली नाहीत, पाण्याबरोबर आली.

जमीनमालक काका बांधावर बसून बघत होते. "ह्या चिखलात काय गावतला गो तुका?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हय भात होता. बापाशीन माझ्या बांध घातलेलो. खांड पडली ती बुजवक कोण इलो नाय. आता तुमी येतास नि तिवरांचा कौतुक करतास."

मला उत्तर सुचलं नाही. खाऱ्या वाऱ्यात तग धरणारं भात इथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या पिकवलं, बांधाची डागडुजी स्वतः केली. त्यांच्यापुढे उभं राहून "तुमचं शेत गेलं ते बरंच झालं" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, रेटूही नये. पण बांधाआड जमिनीचं काय होतं हेही खरं आहे. भरती थांबली की नवा गाळ येत नाही, चिखल सुकतो, भेगांतून हवा शिरते, आणि शेकडो वर्षं कोंडलेला कार्बन हळूहळू वायू होऊन निघून जातो. जमीन खचते. बाहेर समुद्राची पातळी वाढतेय, आत शेत खाली चाललंय, मग बांध दरवेळी आणखी उंच हवा.

२३ डिसेंबर, सोमवार

भांगाचे दिवस, ओहोटी लहान, खाडीत काम नाही. प्रयोगशाळेत चिखलाच्या चकत्या ६० अंशांवर वाळत ठेवल्यात. उद्या कुटून, आम्ल घालून शिंपल्यांचा चुना काढायचा, नाहीतर त्यातला कार्बनही हिशेबात घुसतो.

'नील कार्बन', म्हणजे समुद्राने आणि किनाऱ्यावरच्या वनस्पतींनी साठवलेला कार्बन. हा शब्द २००९च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालामुळे सगळीकडे गेला. पण माझ्या कामाची दिशा ठरली ती २०११च्या एका निबंधाने. इंडो-पॅसिफिकमधल्या २५ कांदळवनांत मोजणी झाली आणि हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन निघाला. त्यातला बहुतेक साठा झाडांत नव्हता, मुळांखालच्या मातीत होता. एक टन कार्बन हवेत गेला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून कांदळवन तोडून चिखल उकरला की नुसती झाडं गेली असा हिशेब पुरत नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

वाटेत कांदळवनाची एक 'लागवड' पाहिली. रांगेने काठ्या, प्रत्येकीला बांधलेलं वाळकं रोप. इतक्या सखल जागी लावलीत की बहुतेक वेळ पाण्याखालीच. तिथे जंगल कधी नव्हतं, म्हणून तर जागा मोकळी होती. माझा संताप झाला. काकांच्या खांडीतून आलेली रोपं डोळ्यांपुढे होती. पाण्याला वाट दिली की ती आपली जागा आपण निवडतात.

याउलट, केनियात गाझीच्या उपसागराकाठी 'मिकोको पामोजा' हा गावकऱ्यांचा प्रकल्प २०१३पासून चालतो. ११७ हेक्टर कांदळवन राखल्याबद्दल कार्बन क्रेडिटचे पैसे गावात येतात, त्यातून पाण्याची, शाळेची कामं झाली. काकांच्या जमिनीला असं काही मिळालं तर मला हवंच आहे. भीती एवढीच की दूरचा कुणी ते क्रेडिट विकत घेऊन आपला कोळसा निश्चिंत जाळत राहील. जगातली सगळी कांदळवनं मिळून साधारण दीड लाख चौरस किलोमीटर. धुराड्यांमागे धावून ती पुरी पडणार नाहीत.

३१ डिसेंबर, मंगळवार

काल अमावास्या. पुन्हा उधाण. आज काका स्वतः होडीत बसले. उघाडीच्या आतली जागा त्यांनीच दाखवली. "हय आमचो सगळ्यात बरो कोपरो."

नळी वर आली. वरती नवा मऊ गाळ, त्याखाली घट्ट, फिकट पट्टा. तो शेताचा असावा. आणि त्याच्याही खाली तांबूस, तंतूंनी भरलेला थर. कांदळाच्या जुन्या मुळांचा. काकांनी त्यातली चिमूट घेऊन बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"म्हंजे बापाशीच्या आदी हय ह्याच होता."

"हो, काका."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी चकत्या पिशव्यांत भरल्या, खोली लिहिली. परत निघताना त्यांनी विचारलं, पुढची ओहोटी कधी धरणार.