कारुऱ्यातली खबर

आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात पाच लिटरचा एक पांढरा कॅन असतो. तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा घरात आला, तेव्हा आम्ही त्यावर जुनी ओढणी टाकून ठेवली होती. त्यात आमच्या लेकीची चोवीस तासांची लघवी साठवायची होती आणि पाहुण्यांच्या नजरेस ते पडू नये अशी आमची धडपड होती. आज त्याच कॅनविषयी आम्ही दोघे, तिचे अम्मी-अब्बा, तिला विचारून हे लिहीत आहोत.

लेक तेव्हा 19 वर्षांची होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. फजरला उठायची तेव्हा डोळ्यांखाली सूज दिसायची. संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उमटायचे. गालांवर लाली यायची, ती उन्हाने असेल असे आम्ही धरून चाललो. बोटांचे सांधे दुखतात म्हणायची, तर आम्ही म्हणायचो की मोबाईल कमी कर. लघवीला फेस येतो हेही तिने अम्मीला सांगितले होते. अम्मीने "पाणी जास्त पी" एवढेच सांगितले आणि अब्बांच्या कानावर काही घातले नाही. असली गोष्ट घरातल्या पुरुषांसमोर काढायची कशी? त्यात स्थळे येऊ लागली होती. मुलीला किडनीचा त्रास आहे ही बातमी खानदानात फिरली तर? या संकोचात चार महिने गेले. ते आमच्याच खात्यावर आहेत, कोणा डॉक्टरच्या नाहीत.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे पाय इतके सुजले की चप्पल चढेना. तेव्हा कुठे दवाखाना गाठला. लघवीत प्रथिने म्हणजे प्रोटीन जात होते. नेमके किती, ते पाहण्यासाठी चोवीस तासांची लघवी मागितली. सकाळची पहिली सोडून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची प्रत्येक वेळची कॅनमध्ये जमा करायची. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण 150 मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन जाते. आमच्या लेकीचे तीन ग्रॅमच्या वर निघाले.

कॅनवरची ओढणी काढली ती दादीने, म्हणजे अब्बांच्या अम्मीने. तिच्या नमाज-पाकीच्या काटेकोरपणाची आम्हाला धास्ती होती. पण ती म्हणाली, "माझे नाना हकीम होते. मरीज सकाळी कारुरा घेऊन यायचा. नाना तो उजेडात धरून बघत बसायचे. नापाक आहे म्हणून त्यांनी कधी नजर फिरवली नाही. हात धुतले की झालं!" कारुरा म्हणजे तपासणीसाठी बाटलीत आणलेली लघवी. रंग, वास, फेस आणि तळाशी बसलेला गाळ पाहून हकीम आजाराचा अंदाज बांधत. इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या 'अल-कानून' या वैद्यकाच्या ग्रंथातही लघवी कशी तपासावी यावर सविस्तर भाग आहे. आपल्याच घरातली ही विद्या आम्ही शरमेखाली झाकून ठेवली होती.

पुढच्या तपासण्यांत आजाराचे नाव कळले, ल्युपस. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी या आजारात आपल्याच शरीरावर उलटतात. दहा रुग्णांत नऊ बाया, त्याही बहुतेक तरुण वयातल्या. पुष्कळांत हा आजार किडनीपर्यंत पोचतो. तो किती आणि कसा पोचला हे पाहायला बायोप्सी करावी लागली. तिला पालथे झोपवून पाठीतून सुईने किडनीचा धाग्याएवढा बारीक तुकडा काढला. नंतर कित्येक तास तिला कूस बदलायचीही मनाई होती. पहिल्या लघवीला रक्त दिसले आणि ती घाबरून रडली. आम्ही दोघे दाराबाहेर आयतुल कुर्सी पढत उभे होतो.

औषधे सुरू झाली. स्टेरॉइडने चेहरा गोल झाला, केस गळाले. रोजे डॉक्टरांनी बंद केले तेव्हा ती त्याहून जास्त रडली. दादीने समजावले, "आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे, ती घेण्यात कसली शरम?" अल्हम्दुलिल्लाह, हळूहळू प्रोटीन अर्ध्या ग्रॅमच्या खाली आले.

गेल्या हिवाळ्यात ते पुन्हा एक ग्रॅमच्या वर गेले. डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावले. किडनीत पुन्हा आग लागली असेल तरी प्रोटीन गळते, आणि जुनी आग विझून मागे व्रण राहिले असतील तरीही गळते. आग असेल तर औषधे वाढवायची. नुसते व्रण असतील तर जोरदार औषधांनी फायदा नाही, उलट जंतुसंसर्गाचा धोका. दोन्हींतला फरक प्रोटीनच्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून पुन्हा बायोप्सी.

लेक ठाम नाही म्हणाली. "पुन्हा सुई नको. लघवीतून कळण्याचा काहीच मार्ग नाही का?" डॉक्टर म्हणाले, "त्यावर संशोधन चालू आहे, वाच." तिने वाचले आणि रात्री जेवणानंतर आम्हाला समजावून सांगितले. आम्हाला समजले ते असे.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात. त्यातले बहुतेक शरीरात परत जाते आणि दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर पडते. एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. सुईने काढलेल्या तुकड्यात त्यांतल्या मोजक्याच येतात, पण लघवी मात्र सगळ्या गाळण्यांतून वाहत येते. किडनीत आग असते तेव्हा तिथे टी पेशी, मॅक्रोफेज अशा रोगप्रतिकारक पेशींची गर्दी जमते आणि त्यांतल्या काही लघवीबरोबर खाली वाहत येतात. संशोधक ताज्या लघवीतला गाळ वेगळा करतात, त्यातल्या पेशींना रंगीत खुणा लावतात आणि लेझरच्या प्रकाशासमोरून एकेक पेशी नेऊन मोजतात.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले की, ज्यांच्या किडनीत ल्युपसची आग चालू आहे त्यांच्या लघवीत टी पेशी जास्त सापडतात आणि औषध लागू पडले की त्या कमी होतात. 2019 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ल्युपसच्या 24 रुग्णांच्या किडनीचे तुकडे घेऊन त्यातली एकेक पेशी तपासली. काहींच्या लघवीतल्या पेशीही पाहिल्या. किडनीत बसलेल्या आणि लघवीत आलेल्या पेशींत कोणती जनुके जागी आहेत, यात खूप साम्य आढळले. म्हणजे आत काय चालले आहे याची खबर या पेशी बाहेर आणतात.

"मग हीच तपासणी करू या!" आम्ही म्हणालो. पण ते इतके सोपे नाही. लघवीत पेशी फार वेळ तग धरत नाहीत, नमुना लगेच तपासावा लागतो किंवा खास द्रावणात टिकवावा लागतो. साधा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तरी लघवीत पांढऱ्या पेशी दिसतात, म्हणून कोणत्या पेशी कशामुळे आल्या हे ओळखावे लागते. आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, आणि डॉक्टर अजून तिच्या भरवशावर औषध ठरवत नाहीत.

आम्ही हिरमुसलो. लेक थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अब्बा, लघवीतल्या आणि किडनीतल्या पेशी सारख्या आहेत हे कळायला कोणीतरी दोन्ही दिलं असेल ना? सुईसुद्धा सोसली असेल आणि लघवीसुद्धा दिली असेल. माझ्यासारख्याच बाया असतील त्या." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः डॉक्टरांना फोन करून बायोप्सीची तारीख घेतली. आपल्याकडे असा अभ्यास झाला तर माझा नमुना घ्या, हेही तिने त्यांना सांगून ठेवले.

बायोप्सीत जुने व्रण थोडे आणि नवी आग बरीच दिसली. औषध बदलले. आता प्रोटीन पुन्हा उतरणीला लागले आहे. पुढचे अल्लाहच्या हाती, पण गोळी वेळेवर घेणे आमच्या हाती आहे.

वाचक भगिनींनो, भावांनो, आमचे एवढेच मागणे आहे. लेक, सून, बहीण लघवीला फेस येतो, लघवी लाल होते, डोळ्यांखाली सूज येते असे म्हणाली, तर "पाणी पी" म्हणून विषय मिटवू नका. प्रत्येक फेस आजाराचाच असतो असे नाही, पण लघवीची साधी तपासणी गावातल्या लॅबमध्येही थोड्या पैशांत होते. आणि ही गोष्ट घरातल्या बापालाही कळू द्या.

आमच्या घरी आता दर तीन महिन्यांनी कॅन भरला की तो लॅबमध्ये अब्बा घेऊन जातात. परवा रस्त्यात शेजाऱ्यांनी विचारले, "काय, दूध घेऊन चाललात?" अब्बा म्हणाले, "नाही, लेकीची लघवी आहे. किडनीची तपासणी करायची आहे." शेजारी क्षणभर थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या सूनबाईंच्याही पायाला सूज येते. कुठल्या डॉक्टरांकडे दाखवता?"