भिंत तापवायची की हवा?

वेल्स किंवा यॉर्कशायरमध्ये जुने दगडी घर घेणाऱ्यांचा लाकडाच्या शेगडीबद्दल पहिला प्रश्न असतो, किती किलोवॅटची घ्यावी. विक्रेत्याकडे हिशेब तयारच असतो: खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणायची, चौदाने भागायचे, घर गळके असेल तर दहाने. हा हिशेब हवेचा आहे, आणि दगडी घरात तो फसतो. तिथल्या भिंती अर्धा मीटर किंवा त्याहून जाड असतात. आतबाहेर रचलेला दगड आणि मध्ये खडी-मातीची भर. देशावरच्या दगडी वाड्यात वैशाखातल्या दुपारी ज्यांनी गारवा अनुभवला आहे, त्यांना हा गुण सांगायला नको. वाड्यात तो सुखाचा ठरतो, वेल्सच्या जानेवारीत तोच जड जातो. सहा मीटर लांब, अडीच मीटर उंच आणि अर्धा मीटर जाड अशी एकच भिंत घेतली तरी तिचे वजन अठरा टनांच्या आसपास भरते. ती सबंध एका अंशाने तापवायला सुमारे 4 युनिट ऊर्जा लागते. 5 किलोवॅटच्या शेगडीची जवळपास तासाभराची सगळी ऊब त्या एका अंशात जिरते. अशा भिंती चार असतात.

मग मोठीच शेगडी का घेऊ नये? हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण मला तो पटत नाही. मोठ्या शेगडीने आधी हवा तापते, भिंत मात्र तिच्याच चालीने तापते. अर्ध्या तासात खोलीत बसवत नाही, म्हणून माणसे हवेची झडप आवळतात. लाकूड जळायचे सोडून धुमसू लागते, काच काळवंडते. न जळलेला धूर गार धुराड्यात चढताना थिजतो, त्याचे चिकट, चकचकीत डांबर आतून धरते आणि एखाद्या दिवशी ते धुराड्यातच पेट घेते. त्यापेक्षा लहान शेगडी, खडखडीत वाळलेले सरपण, मोकळी झडप आणि सलग बरेच तास जाळ, ही रीत दगडाला मानवते. फिनलंडच्या संगजिऱ्याच्या भट्ट्या आणि जर्मन-ऑस्ट्रियन कौलारी शेगड्या याच तत्त्वावर चालतात: दिवसातून एकदा-दोनदा जोरदार जाळ करायचा, मग दगड सावकाश ऊब सोडत राहतो. त्यांचे वजन मात्र टनाच्या घरात जाऊ शकते, तेव्हा पाया आधी तपासावा लागतो.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. बाहेरच्या भिंतीत मुरलेली सगळीच ऊब घरात परतत नाही, बरीचशी बाहेर निघून जाते. म्हणून धुराडे दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत असेल तर तीच जागा पहिली पसंतीची. शिवाय ओला दगड कोरड्यापेक्षा अधिक ऊब वाहून नेतो. गेल्या शतकात अनेक घरांच्या चुन्याच्या दरजा खरवडून त्यात सिमेंट भरले गेले. आत शिरलेले पाणी मग सांध्यांतून सुकेना, भिंती ओलसर राहिल्या. अशा घरात शेगडीच्या किमतीचा काही भाग आधी गवंड्याला द्यावा, दरजा पुन्हा चुन्याने भरून घ्याव्यात आणि भिंतीला सुकायला एक-दोन उन्हाळे द्यावेत. त्यानंतर कदाचित आणखी लहान शेगडी पुरेल. इंग्लंड-वेल्समध्ये 5 किलोवॅटपर्यंतच्या शेगडीला जुन्या, फटी असलेल्या घरात सहसा वेगळा झरोकाही ठेवावा लागत नाही, हा वरचा फायदा.

धुराचा आक्षेप याहून गंभीर आहे. डिसेंबर 1952 मध्ये लंडनमध्ये धूरमिश्रित धुक्याने हजारोंचे प्राण घेतले आणि 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा आला. तो धूर मुख्यतः कोळशाचा असला तरी लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कणही फुप्फुसात खोल जातात. 2022 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या शेगड्यांना धुराची कडक मर्यादा आहे, आणि सरपणात वीस टक्क्यांहून कमी ओल असावी असे सांगितले जाते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे पाणीही असू शकते. तरीही दाट वस्तीत शेगडी लावू नये, असेच माझे मत आहे. डोंगरातल्या सुट्या घरात, जिथे वादळात वीज जाते आणि आवारातच झाडे आहेत, तिथे मी ती आनंदाने सुचवेन. शनिवार-रविवारपुरत्या घराला मात्र वरचे काहीच लागू नाही. शुक्रवारी रात्री पोचणाऱ्याने पातळ पोलादी पत्र्याची, हवा झटपट तापवणारी शेगडी घ्यावी. कारण भिंत तापेपर्यंत त्याची निघायची वेळ झालेली असेल.