चारठाणा, वालूर

रविवार रात्र. पाय भरून आलेत, पण लिहिल्याशिवाय झोपवत नाही. काल परभणीहून जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला गेलो. गावात यादवकाळाच्या खुणा जागोजागी आहेत. एकट्या उभ्या असलेल्या उंच कोरीव स्तंभाखाली मान मोडेस्तोवर वर बघत राहिलो. मंदिराच्या एका खांबावर हात फिरवला. शिल्पाचं नाक झिजून गुळगुळीत झालेलं, पण गळ्यातल्या हाराचा मणी न् मणी अजून बोटाला लागतो. ज्यानं तो घडवला, त्याचं नाव कुठेच नाही, याचं फार वाईट वाटलं.

आज सेलू तालुक्यातलं वालूर. तिथली बारव चक्राकार! पायऱ्या वळत वळत पाण्याकडे उतरतात. गाळ-कचऱ्यानं बुजलेली ही बारव गावकऱ्यांनीच श्रमदानानं मोकळी केली. मला त्या माणसांचा मनापासून अभिमान वाटतो. आम्ही शाळेत हडप्पा शिकलो, माया संस्कृतीचे पिरॅमिड चित्रात पाहिले. वालूरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या खेपेला वही आणि टेप घेऊन चारठाण्याला जायचं. उघड्यावरच्या एकेका मूर्तीचं माप घ्यायचं, नोंद करायची. गावातल्या शाळेची पोरंही सोबत हवीत.